परक्या अंड्यांची खुडूक

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे आणि जन्माची खुडूक आहे. खुडूक म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी कोंबड्या असतील त्यांना विचारा. जिला अंडी घालायची नसतात, नुसते अंड्यांवर बसायचे असते, ती खुडूक. ती पिसे फुलवून बसते, हात घालणाऱ्याला टोचते आणि दाणा-पाणी विसरते. घरधनिणीला अशी कोंबडी म्हणजे डोक्याला ताप.

माझी घरधनीण निर्जला. शलोटी गावात, अभयारण्याच्या कुंपणाला लागून तिचे घर. पहिल्याच वर्षी मी तीनदा खुडूक झाले. खाली अंडे नव्हते, तरी बसले. एकदा तर लाकडाच्या ढलपीवर बसले. निर्जलाने मला ओढ्याच्या गार पाण्यात बुडवले, शेपटीला लाल फडका बांधला, टोपलीखाली उपाशी ठेवले. मी टोपलीखालीही बसलेच.

"ही बया परत बसली बघा!" निर्जला ओरडायची. "अंडं एक द्यायचं नाही आणि महाराणीसारखं फुगून बसायचं. दसऱ्याला पाहुणे येतायत, हिचा रस्साच करते."

"थांब गं," तिचा नवरा झाबेराम म्हणाला. "मला हिची गरज आहे."

"तुम्हाला? का, तुम्ही घालणार आहात का अंडी?"

झाबेराम हसला. तो त्या अभयारण्याचा रखवालदार. अभयारण्य ते केवढे, दोन डोंगर आणि मधला ओढा. वर पाइनची झाडे आणि उतारावर कमरेएवढे गवत. त्या गवतात पूर्वी चीर नावाचे पक्षी राहायचे. लांब पट्टेदार शेपटी, डोळ्याभोवती लाल कातडी, डोक्यावर मागे झुकलेला तुरा. कोंबडीच्याच गोतातले, पण रानचे. माणसांनी गवत जाळले, फासे लावले, आणि ते इतके कमी झाले की उतारावर ऐकू येईनासे झाले. मग उरलेल्यांतल्या काहींना मोठ्या जाळीत ठेवून त्यांची वीण वाढवायची असे ठरले. वाढलेली पिल्ले पुन्हा त्याच उतारावर सोडायची. जाळीतल्या माद्या अंडी घालायच्या, पण बसायच्या नाहीत. अंडी उबवायला यंत्र आणले होते, तेही वीज गेली की थंड पडायचे, आणि आमच्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून झाबेरामला खुडूक कोंबडी हवी होती.

दसऱ्याला पाहुण्यांनी राजमा खाल्ला. पुढचा उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मी जाळीमागच्या खोपटात नऊ परक्या अंड्यांवर बसले होते.

अंडी परकी आहेत हे मला कळले का? कळले की. आकार वेगळा, रंग वेगळा, वासही वेगळा. पण पोटाखाली अंडे आले की मी बाकी काही विचारत नाही, माझा स्वभावच तसा आहे. माझ्याबरोबर आणखी दोन कोंबड्या बसवल्या होत्या. एकवीस दिवस झाले. कोंबडीची पिल्ले एकवीस दिवसांनी फुटतात, तेवढे दिवस भरले की कोंबडीचे अंगच तिला सांगते, ऊठ आता. त्या दोघी उठल्या, पंख झटकले आणि दाणे टिपायला निघून गेल्या. त्यांची अंडी गार पडली. त्यांना बोल लावून उपयोग नाही. चीरच्या अंड्याला सव्वीस दिवस लागतात हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार?

मी बसून राहिले. अंग म्हणत होते ऊठ, पण पोटाच्या कातडीला आतली वळवळ कळत होती. ते पाच दिवस झाबेराम माझ्यापाशी ठाण मांडून होता. मक्याच्या भाकरीचा तुकडा ताकात भिजवून तो माझ्या चोचीपुढे धरायचा. "बस गं माझी आई," म्हणायचा, "आणखी दोनच दिवस." सव्विसाव्या दिवशी सहा अंडी फुटली. झाबेराम धावत घरी गेला आणि निर्जलाला हाताला धरून घेऊन आला. ती म्हणाली, "अगं बाई! हिला मी रश्श्यात घालणार होते." आणि तिने माझ्या पाठीवरून पहिल्यांदा हात फिरवला.

तीन वर्षांत मी चौदा पिल्ले मोठी केली. हट्टी पोरे होती. मी पायाने माती उकरून दाखवायची, तर ती चोचीने खणायची. थेट डोके जमिनीत. मी म्हणायची, अरे घाण्यांनो, पाय कशाला दिलेत? पण ती कंद काढून खायची आणि मी आपली एखाद्या किड्यावर समाधान मानायची.

बाकी सगळे मात्र ती माझ्याकडून शिकली. हे सांगणे जड जाते, मित्रांनो, पण सांगते.

आमच्याकडे घरोघरी कोंबड्यांना बोलवायची एकच रीत आहे. तुपाचा रिकामा डबा, त्यात मूठभर मक्याचे दाणे. दिवस कलला की बाई अंगणात येते, डबा खुळखुळवते आणि "याऽ याऽ याऽ" करते. कोंबडी कुठेही असो, धावत येते. मी या आवाजात वाढले. झाबेरामही तोच डबा वाजवायचा. डबा वाजला की मी पळायची आणि माझ्यामागे चौदा पिल्ले, माना ताणून, एकमेकांवर पडत धडपडत. आकाशात घार दिसली तरी तसेच. मी "क्रीऽऽ" करून ओरडायची आणि पळत झाबेरामच्या पायांत शिरायची, कारण माणूस दिसला की घार खाली उतरत नाही हे मला ठाऊक होते. पिल्लेही त्याच्या पायांत.

लोकांना याचे केवढे कौतुक! पाहुणे यायचे, फोटो काढायचे. "काय माणसाळलीत हो!" म्हणायचे. झाबेराम मान उंचावून डबा वाजवून दाखवायचा. "एका हाकेत येतात, साहेब. माझी पोरं माझं ऐकत नाहीत, पण ही ऐकतात." मग सगळे टाळ्या वाजवायचे, आणि मीही तुरा ताठ करून मिरवायची. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

पिल्ले सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टर जिष्टू आल्या. तरुण, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एकेकाच्या पायात निळे कडे घातले. मग त्यांनी झाबेरामला एकच प्रश्न विचारला.

"चाचा, माणूस दिसला की ही लपतात ना?"

"लपतील कशाला, मॅडम? घरची लेकरं आहेत."

डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिले, खोडले. पण तारीख ठरली होती, मोठे साहेब यायचे होते, झेंडूच्या माळा आल्या होत्या. पावसाळा सरल्यावर एका सकाळी चौदाही पक्षी त्या उतारावर सोडले. सगळ्यांनी लाडू खाल्ले.

नवव्या दिवशी शेजारची कौला शालीत काहीतरी गुंडाळून आली. निर्जलाच्या अंगणात उभी राहून ती रडायलाच लागली.

"भाऊजी, शपथ घेऊन सांगते. मी फक्त कोंबड्यांना डबा वाजवला. हा सगळ्यांच्या आधी आला. इतका छान धावत आला! मला वाटलं, चला, पाहुणा आला, म्हणून दोन दाणे जास्त टाकले. तेवढ्यात आमच्या कुत्र्यानं..."

शालीत पट्टेदार शेपटी होती आणि पायात निळे कडे.

त्यानंतर तर रीघच लागली. एक गिरणीपाशी मेला. दोन खालच्या वाडीत कुत्र्यांनी धरले. एकाला मोटारीने उडवले, तो रस्त्याच्या मधोमध चहा पिणाऱ्या माणसांकडे दाणे मागत उभा होता म्हणे. एकाला कोणी तरी शिजवून खाल्ले. कोणी ते गावाला ठाऊक होते, पण नाव कोणी घेतले नाही. गावात घरोघरी डबे वाजत होते आणि माझी लेकरे उतारावरून धावत खाली येत होती. जो आवाज मी त्यांना पोट भरायला शिकवला, त्याच आवाजाने ती मरत होती.

शेवटी एकच उरली. वाकड्या शेपटीची एक मादी होती, लहानपणी सर्वांत उशिरा अंड्यातून निघालेली. एका सकाळी डोळे उघडते तो ती जाळीच्या बाहेर उभी. तिला आत यायचे होते. जाळीच्या बारीक भोकांतून ती डोके घालत होती, माझ्या पंखाखाली शिरायला बघत होती. मी जाळीला अंग घासले. तेवढीच काय ती ऊब तिला मिळाली असेल. मी ओरडले, मित्रांनो, गळा फाटेस्तोवर ओरडले, झाबेरामला उठवायला ओरडले. माझे ओरडणे ऐकून तीही ओरडली. त्या आवाजाने कुत्रा आला. जाळी मध्ये होती. मला काही करता आले नाही.

झाबेराम आला तेव्हा फक्त पिसे उरली होती. तो तिथेच बसून पिसे गोळा करू लागला. डॉक्टर आल्या, तेव्हाही तो उठला नाही.

"मीच शिकवलं," तो म्हणत होता. "मॅडम, मीच शिकवलं हो यांना. डबा मीच वाजवला."

"चाचा, आम्हाला कळायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या एकट्याची चूक नाही ही."

माझे नाव कोणी घेतले नाही. कोंबडीला कोण कशाला दोष देईल? पण मला माहीत होते. डबा झाबेरामने वाजवला, पण धावले कोण? आधी मी धावले.

त्या हिवाळ्यात मी दाणा टिपणे जवळजवळ सोडले. एका डोळ्यावर पडदा आला. मी कधी खुडूकही झाले नाही. निर्जला म्हणाली, "संपली हो ही." हिमवादळात जाळीतले जुने चीरही आजारी पडले. फाल्गुनात एक जोडी उरली होती. मादीने आठ अंडी घातली आणि तीही गेली. आता नर एकटा आणि ती आठ अंडी. आमच्या अभयारण्यात तेवढीच उरली होती. वरून पत्र आले की या खेपेलाही पिल्ले रानात टिकली नाहीत, तर जाळी मोडायची, नराला दूरच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात पाठवायचे आणि काम बंद करायचे.

या वेळी कोंबडी नको, यंत्रच वापरायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. अंडी यंत्रात गेली. दुसऱ्याच दिवशी गारपीट झाली, डोंगराची कड घसरली, विजेचे चार खांब खाली आले. यंत्र बंद. झाबेराम फोनवर ओरडत होता.

"चार दिवस लागतील म्हणतायत, मॅडम! अंडी गार पडतायत!"

"चाचा, कोंबडीखाली ठेवायची नाहीत असं ठरलं होतं आपलं."

"मग काय माझ्याखाली ठेवू?"

मग डॉक्टर म्हणाल्या, "ठेवा."

त्याने ती आठ अंडी माझ्यापुढे पेंढ्यात ठेवली. आणि मी, जन्माची खुडूक, जी लाकडाच्या ढलपीवर बसली होती, बाजूला सरून उभी राहिले. मला बसायचे नव्हते. माझ्या उबेने चौदा जीव मारले होते. झाबेरामने मला उचलून अंड्यांवर ठेवले, मी उठले. पुन्हा ठेवले, पुन्हा उठले.

"बस गं," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडतो. दुसरं कोणी नाहीये गं आपल्याकडे."

एक अंडे माझ्या पायाला लागले. ते गार होते. असे गार की माझ्या अंगावर काटा आला. मग मात्र मला राहवले नाही. बसले.

चार दिवसांनी वीज आली, पण ती पुन्हा जाईल या भीतीने अंडी माझ्याखालीच ठेवली. सव्वीस दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. म्हातारे अंग, छातीचे हाड वर आलेले. सत्ताविसाव्या दिवशी पाच पिल्ले बाहेर आली. तीन आतच मेली. झाबेरामने या वेळी कोणाला हाताला धरून आणले नाही. त्याने पाच बोटे मोजली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

आता नियम निराळे होते. जाळीभोवती गोणपाट बांधले. आतले गवत वाढू दिले. रात्री आम्ही आमच्या लाकडी पेटीत झोपलो की दाणे गवतात टाकून ठेवायचे. कोणी आत जायचे नाही, बोलायचे नाही, डबा तर नाहीच नाही. सगळे ठीक चालले होते. पण गोणपाटाने आवाज थोडाच अडतो? दिवस कलला की कौलाच्या अंगणात डबा खुळखुळायचा. मग वरच्या घरी. मग खालच्या वाडीत.

पहिल्या दिवशी तो आवाज आला आणि माझी मान आपोआप वर झाली. पाय उचललाच होता. बघते तो पाची पिल्लांनी मान वर केलेली. त्यांनी आयुष्यात डबा पाहिला नव्हता, मका चाखला नव्हता. मी मान वर केली म्हणून त्यांनी केली.

मला विचार करायला फारसे येत नाही, मित्रांनो. कोंबडीचे डोके केवढे! पण एवढे कळले की माझे पाय हेच या पोरांचे मरण आहे. दुसऱ्या दिवशी डबा वाजला तेव्हा पोटात भूक असूनही मी जोर लावून जमिनीवर बसले आणि ओरडले, "क्रीऽऽ!" घार आल्यावर ओरडतात तसे. आकाशात घार नव्हती. पिल्ले गवतात दडून दगड झाली. मी रोज तसे करू लागले. डबा वाजला की घार. माणसाचा खोकला आला की घार.

आठवडाभराने झाबेराम जाळी दुरुस्त करायला आत आला. मी त्याच्या तोंडावर ओरडले. "क्रीऽऽ! क्रीऽऽ!" पिल्ले गवतात गडप.

त्याचा चेहरा असा झाला की काय सांगू. "अगं, मी आहे मी," तो म्हणाला. "माझ्यावर ओरडतेस?"

मी आणखी मोठ्याने ओरडले.

"भ्रमली म्हातारी," गोणपाटामागून निर्जला म्हणाली. "ज्यानं हातानं भरवलं त्याच्यावरच उठली."

झाबेराम जाळीबाहेर जाऊन दगडावर बसला. मला गोणपाटाच्या फटीतून त्याची पाठ दिसत होती. पुष्कळ वेळाने तो उठला, घरी गेला आणि तुपाचा डबा आणि एक काठी घेऊन परत आला.

"अहो, डबा कशाला?" निर्जला धावली. "मॅडमनी नाही म्हटलंय ना?"

"भ्रमली नाही गं ती," तो म्हणाला. "ती मला सांगतेय काय करायचं ते."

तो आत आला. त्याने डबा खुळखुळवला, "याऽ याऽ याऽ" म्हणाला, आणि दुसऱ्याच क्षणी काठी जाळीवर अशी आपटली की सगळी जाळी घणघणली. तो नाचला, किंचाळला, माती उधळली. डबा वाजवायचा आणि काठी आपटायची. मी ओरडायची, पिल्ले पळायची. रोज. गावातली माणसे म्हणू लागली की झाबेरामचे डोके फिरले. ज्या पक्ष्यांना तो पोरांसारखे जपायचा, त्यांना आता शिव्या देतो. काठी आपटताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचे, हे मला दिसायचे. गावाला कुठून दिसणार?

तरी एक पिल्लू होते, नर, थोडे धीट. ते पळायचे नाही. काठीकडे मान वाकडी करून बघायचे. माझ्या आडोशाला उभे राहायचे, कारण मी तिथेच होते, आणि मला कधी काही होत नव्हते. झाबेरामने ते ओळखले. एका सकाळी तो माझ्याकडे बघत उभा राहिला. हातात मातीचे ढेकूळ होते.

"मला माफ कर गं," तो हळूच म्हणाला.

ढेकळात दगड आहे हे त्याला माहीत नसावे. त्याने ते माझ्यावर फेकले, आतला दगड माझ्या डाव्या मांडीवर लागला आणि हाड मोडल्याचा आवाज मीच ऐकला. मी कोलमडले, तडफडले, बोंब ठोकली. ते धीट पिल्लू असे उडाले की थेट कोपऱ्यातल्या झुडपात जाऊन पडले. त्यानंतर माणसाची सावली दिसली तरी ते दडायचे.

झाबेराम माझ्याकडे यायला निघाला आणि थांबला. पिल्ले बघत होती. त्याने मला उचलून घेतले असते, कुरवाळले असते, तर तो दगड फुकट गेला असता. तो गोणपाटामागे गेला. मी मातीत पडले होते आणि पलीकडे तो तोंडात उपरणे कोंबून रडत होता. दिवस मावळल्यावर, पिल्ले पेटीत शिरल्यावर, डॉक्टरांनी मला तिथून हलवले आणि बांबूची कामटी लावून पाय बांधला. सकाळी मला परत गवतात ठेवले. माझा पाय वाकडाच जुळला. मला त्याचे काही नाही, पण झाबेरामने त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही.

पिल्ले मोठी झाली, पावसाळा सरला. निळी कडी आदल्या रात्री अंधारातच घातली होती. या वेळी माळा नव्हत्या, साहेब नव्हते. जाळीची मागची बाजू उघडली आणि सगळे दूर झाले. मला टोपलीत घालून खडकामागे ठेवले होते. चार पक्षी गवतात शिरले, त्यांनी मागे वळूनही बघितले नाही. पाचवा तो धीट नर. तो उघड्या जागी थांबला. त्याने मान वळवली आणि मला शोधले. टोपलीच्या विणीतून त्याला माझा तुरा दिसला असावा. तो माझ्याकडे परत यायला लागला. एक पाऊल, दोन पावले.

मला त्याला एकदा पंखाखाली घ्यायचे होते. एकदाच. "कुक् कुक्" एवढा आवाज काढला असता तरी तो धावत आला असता. माझ्या गळ्यात तो आवाज आला होता. मी तो गिळला आणि ओरडले, "क्रीऽऽ!" माझ्याच लेकरावर ओरडले, तो घार असल्यासारखे. तो दचकला. मग वळला आणि उताराच्या गवतात नाहीसा झाला.

झाबेरामने सगळ्या गावाला विनवले होते, की चीर अंगणात आला तर दाणे टाकू नका, काठी आपटून हाकला. कौला रोज डबा वाजवते आणि काठी घेऊन उभी राहते. दिवस कलला की झाबेराम कुंपणावरून विचारतो, "आली का गं कोणी?" ती म्हणते, "नाही आली, भाऊजी." मग तो मान हलवतो. हे चांगले की वाईट, दोघांनाही कळत नाही.

हिवाळ्यात झाबेरामला वरच्या कड्यापाशी एक निळे कडे सापडले, कोल्ह्याच्या बिळाजवळ. ते तळहातावर घेऊन तो आला आणि निर्जलाला म्हणाला, "रानात मेलं गं. अंगणात नाही मेलं. कोल्ह्यानं पकडलं." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे होते त्याला आनंद म्हणायचे धाडस मला होत नाही, पण दुसरे काय म्हणू?

चारांचा पत्ता नाही. आता वसंत आला आहे. चीर असतील तर याच दिवसांत पहाटे ओरडतात. डॉक्टर चार पहाटे कड्यावर कान लावून बसल्या. काही ऐकू आले नाही. आणखी तीन पहाटे मिळणार आहेत, मग त्यांना वर कळवावे लागेल, आणि जाळी मोडायची की नाही ते ठरेल. काल त्या झाबेरामला म्हणाल्या, "ऐकू आलं नाही म्हणजे नाहीतच असं नाही, चाचा." पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. झाबेराम म्हणाला, "हो ना," आणि विळा घेऊन उगाच गवत कापत बसला.

मित्रांनो, मी अडाणी कोंबडी, तुम्हाला मी काय शिकवणार? पण एक मागते. तुमच्या दारात कधी रानातला जीव आला, पक्षी असो, माकड असो, हरणाचे पाडस असो, आणि तो फार गोड दिसला, तुमच्या हातातून खायला तयार झाला, तर त्याला खाऊ घालू नका. फोटोसाठी बोलवू नका. ओरडा, टाळ्या वाजवा, हाकलून द्या. तो घाबरून पळेल आणि तुम्हाला आपण दुष्ट आहोत असे वाटेल. वाटू द्या. मला रोज वाटते. रोज दिवस कलला की गावात डबे वाजतात, आणि मी लंगडत जाळीपाशी जाते, माझ्या लेकराची वाट बघत उभी राहते, आणि ते येऊ नये म्हणून जीव मुठीत धरते.